दुधाच्या पावत्या आणि संख्याशास्त्राचे पुस्तक

प्रवरेच्या खोऱ्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी बी.एस्सी.च्या वर्गांना संख्याशास्त्र शिकवते. आमच्याकडे येणारी बरीचशी मुले आसपासच्या खेड्यांतून एसटीने येतात. कुणाच्या घरी दोन-तीन गाई आणि थोडी जिरायत जमीन, तर कुणाचे आईवडील मोलमजुरी करणारे. शिष्यवृत्ती आणि फी-सवलतीमुळे प्रवेशाचा खर्च कसाबसा भागतो. पण शिक्षणाचा खर्च फीपाशी थांबत नाही. एसटीचा पास, खोलीभाडे, मेस, प्रॅक्टिकलची जर्नल्स आणि पुस्तके हे सगळे वेगळे. पैसे कमी पडले की कात्री लागते ती आधी पुस्तकांना, कारण पासाशिवाय कॉलेजला येता येत नाही आणि पुस्तकाशिवाय येता येते. पुस्तक नसलेला मुलगा वर्गात बसलेला दिसतो, हजेरीपटावरही असतो. त्याचे अडते आहे हे कळते ते थेट परीक्षेत.

आमच्या ग्रंथालयात पुस्तके नाहीत असे नाही. एस. सी. गुप्ता आणि व्ही. के. कपूर यांचे ‘फंडामेंटल्स ऑफ मॅथेमॅटिकल स्टॅटिस्टिक्स’ आहे. आमच्या पिढीने ते ‘गुप्ता-कपूर’ याच नावाने ओळखले आणि त्यावरच आम्ही शिकलो. पण प्रती मोजक्या आणि वर्ग मोठा. आठवडाभरासाठी पुस्तक घरी मिळते, परत करावे लागते आणि पुन्हा पाळी येईपर्यंत ते प्रकरण वर्गात शिकवून झालेले असते. विकत घ्यायचे म्हटले तर सगळ्या विषयांची मिळून बेरीज काही हजारांत जाते. मग मुले बाजारातल्या स्वस्त नोट्स घेतात. त्यांत सोडवलेली उदाहरणे असतात, सूत्रे असतात, पण सूत्र तसेच का याचे उत्तर नसते. २०२४-२५ पासून संलग्न महाविद्यालयांत नव्या शैक्षणिक धोरणानुसार अभ्यासक्रम बदलले, विषयांची मांडणी बदलली, श्रेयांक बदलले. मोठ्या भावाबहिणीकडून किंवा वरच्या वर्गातल्या मुलांकडून अर्ध्या किमतीत पुस्तक घेण्याची जुनी सोयही त्यामुळे मोडली.

एकदा तासाला मी पुस्तक उघडायला सांगितले, तेव्हा पहिल्या बाकावरच्या मुलीने मोबाइल पुढे केला. मैत्रिणीच्या पुस्तकातल्या पानांचे फोटो होते. काही तिरपे, काहींवर बोटाची सावली, आणि प्रसामान्य वितरणाचे कोष्टक अर्धेच आलेले. त्या कोष्टकातला शेवटचा स्तंभ फोटोच्या बाहेर राहिला होता आणि उदाहरणाचे उत्तर नेमके त्याच स्तंभात होते. ती मुलगी हुशार होती, कष्टाळू होती. तिच्याकडे नव्हते ते फक्त एक पूर्ण पान.

झेरॉक्सचा मार्ग सगळ्यांना माहीत आहे. त्याबाबत कायदा काय म्हणतो हेही मी तेव्हा समजून घेतले. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातल्या एका झेरॉक्स दुकानाविरुद्ध आणि विद्यापीठाविरुद्ध काही मोठ्या प्रकाशकांनी २०१२ मध्ये दावा लावला होता. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. अध्यापनासाठी निरनिराळ्या पुस्तकांतले निवडक भाग एकत्र करून विद्यार्थ्यांना देणे कॉपीराइट कायद्यातल्या अपवादात बसते, असे न्यायालयाने म्हटले. हा निकाल आपल्या देशातल्या गरीब विद्यार्थ्यांच्या बाजूचा आहे आणि त्याचे महत्त्व मोठे आहे. पण त्यातून अख्ख्या पुस्तकाची प्रत काढून सर्रास वाटायची मुभा मिळते असे मला वाटत नाही. शिवाय झेरॉक्स केले तरी पुस्तक तेच राहते. ते मराठीत होत नाही, नव्या अभ्यासक्रमाप्रमाणे बदलत नाही. मला हवे होते असे पुस्तक, जे मुलांच्या हातात उजळ माथ्याने देता येईल आणि आमच्या वर्गाला जुळेल असे करून घेता येईल.

अशी पुस्तके जगात आहेत, हे मला एका उजळणी वर्गात कळले. अमेरिकेत ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात रिचर्ड बॅरानियुक या प्राध्यापकांनी १९९९ मध्ये ‘कनेक्शन्स’ नावाचा प्रकल्प सुरू केला. त्यातूनच पुढे ‘ओपनस्टॅक्स’ उभे राहिले आणि २०१२ मध्ये त्यांची पहिली पाठ्यपुस्तके आली. संकेतस्थळावर फुकट वाचा, पीडीएफ उतरवून घ्या, हवे तर छापा. त्यांच्या ‘इंट्रोडक्टरी स्टॅटिस्टिक्स’ या पुस्तकाचा इतिहास वाचला आणि मला ते एकदम जवळचे वाटले. बार्बरा इलॉव्स्की आणि सुझन डीन या कॅलिफोर्नियातल्या क्युपर्टिनो गावच्या डी अँझा कॉलेजात शिकवत. ते मोठे नावाजलेले विद्यापीठ नाही. कुणालाही प्रवेश घेता येईल असे ते कम्युनिटी कॉलेज आहे. आपल्या वर्गातल्या मुलांसाठी त्या दोघींनी पुस्तक लिहिले. २००८ मध्ये मॅक्सफील्ड फाउंडेशन या संस्थेने त्याचे हक्क विकत घेतले आणि ते ‘कनेक्शन्स’वर सर्वांसाठी खुले केले. त्याच पुस्तकावरून २०१३ मध्ये ओपनस्टॅक्सची आवृत्ती निघाली.

यातला व्यवहार नीट पाहण्यासारखा आहे. लेखकांनी फुकट राबावे, असे त्यात कुणी म्हटलेले नाही. लिहिण्याचे, तपासण्याचे, आकृत्या काढण्याचे पैसे कुणीतरी द्यावेच लागतात. फरक इतकाच, की ते एकदाच आणि सुरुवातीला दिले जातात, आणि मग दर वर्षी दर विद्यार्थ्याच्या खिशातून पुन्हा वसूल केले जात नाहीत.

या पुस्तकांना ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवाना असतो. या परवान्यांचा पहिला संच २००२ साली प्रसिद्ध झाला. आम्ही वापरलेल्या पहिल्या आवृत्तीला त्यातला सर्वांत सैल परवाना आहे. मूळ लेखकांना श्रेय द्या, आपण काय बदल केला ते सांगा आणि मग पुस्तक छापा, वाटा, भाषांतर करा, प्रकरणे गाळा, नवी घाला. एकदा दिलेला हा परवाना मागे घेता येत नाही. ओपनस्टॅक्सचे नाव, बोधचिन्ह आणि मुखपृष्ठ मात्र परवान्यात येत नाहीत, त्यामुळे ती वापरायची नाहीत. हे सगळे मी ग्रंथपालांसोबत बसून वाचले. त्या म्हणाल्या, “मॅडम, एवढ्या वर्षांत पुस्तकावर ‘हक्क राखून ठेवले आहेत’ हेच वाचत आले. ‘घ्या आणि बदला’ असे पहिल्यांदाच वाचतेय.”

मी पुस्तकाची पीडीएफ वर्गाच्या ग्रुपवर टाकली. मुलांनी ती उतरवून घेतली, पण वाचली फारच थोड्यांनी. पुस्तक आठशेहून अधिक पानांचे, इंग्रजीत, आणि वाचायचे पाच-सहा इंचांच्या काचेवर. कोष्टक मोठे केले की मथळा दिसत नाही आणि मथळा पाहावा तर आकडे दिसत नाहीत. त्यातली उदाहरणे डॉलरची, पत्त्यांच्या जोडाची, सॅन फ्रान्सिस्कोच्या फुटबॉल संघातल्या खेळाडूंच्या वजनांची. अमेरिकेतल्या मुलांसाठी ती उत्तमच आहेत. आमच्या मुलांना मात्र आधी तो खेळ समजून घ्यावा लागे आणि मग गणित. किंमत शून्य झाली तरी पुस्तक मुलांपर्यंत पोहोचले नव्हते. त्यासाठी परवान्याने दिलेला दुसरा हक्क वापरणे भाग होते, तो म्हणजे बदल करण्याचा.

शेजारच्या दोन तालुक्यांतल्या महाविद्यालयांतले संख्याशास्त्राचे शिक्षक आणि मी मिळून पहिल्या सत्राच्या अभ्यासक्रमाला लागणारी प्रकरणे निवडली. विवेचन मराठीत आणि संज्ञा इंग्रजीतही, कारण परीक्षा अजून इंग्रजीतच होते. विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत असे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२३ मध्ये विद्यापीठांना कळवले आहे, तेव्हा उद्या ती सोय झाली तर हेच पुस्तक कामी यावे, हाही विचार होता. मध्य, मध्यक, बहुलक हे शब्द मुलांना बालभारतीच्या पुस्तकांतून ओळखीचे होते आणि पुढचे शब्द भाषा संचालनालयाच्या परिभाषा कोशातून घेतले. जुन्या सहकाऱ्यांनी आपल्या वर्षानुवर्षांच्या टिपणांच्या फायली आनंदाने दिल्या. त्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये होत्या. युनिकोडमध्ये आणताना जोडाक्षरे फुटत आणि रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसत. ओळन् ओळ वाचून ती दुरुस्त करावी लागली. मजकूर लिब्रेऑफिसमध्ये घेतला आणि मुंबईच्या एक टाइप या संस्थेचा ‘मुक्त’ हा फॉन्ट वापरला. दोन्ही फुकट आणि खुले. आकडेमोडीसाठी ‘आर’ ही मोफत संगणकप्रणाली वापरली. ती शिकायला आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’चे छोटे पाठ आहेत, तेही खुल्या परवान्याचे.

सगळ्यात मोलाचे काम झाले ते उदाहरणांचे. आमच्या भागात घरोघरी दूध डेअरीला जाते. सकाळ-संध्याकाळ दूध घातले की पावती मिळते आणि तिच्यावर लिटर, फॅट, एसएनएफ, दर आणि रक्कम छापलेली असते. दर दहा दिवसांनी दुधाचा पगार होतो. मुलांना सांगितले, घरच्या पावत्या आणा, फक्त नाव आणि सभासद क्रमांक झाका. दुसऱ्या आठवड्यात माझ्या टेबलावर चुरगळलेल्या, दुधाचे डाग पडलेल्या पावत्यांचा ढीग झाला. संख्याशास्त्राच्या पुस्तकाला याहून चांगली सामग्री कुठून मिळणार?

प्रमाण विचलन शिकवताना दोन घरांच्या पावत्या शेजारी मांडल्या. दोन्हीकडच्या फॅटचा मध्य ३.८. पण एका घरी फॅट रोज ३.७ ते ३.९ च्या आत आणि दुसऱ्या घरी कधी ३.२ तर कधी ४.४. पगार मात्र सारखा नव्हता. आमच्याकडच्या दरपत्रकात फॅट ३.५ च्या खाली गेली की दर झपाट्याने कापला जातो आणि वर गेली की त्या मानाने थोडाच वाढतो. त्यामुळे सरासरी तीच असूनही चढउतार जास्त असलेल्या घराला कमी पैसे मिळाले होते. सरासरीने सगळे कळत नाही, पसारा किती हेही पाहावे लागते, हे मी इतकी वर्षे सांगत आले होते. त्या दिवशी मुलांनी ते स्वतःच्या घरच्या हिशेबात पाहिले. एक मुलगा म्हणाला, “मॅडम, म्हणजे चाऱ्यात रोज बदल करायला नको.” प्रमाण विचलनाचा असा उपयोग मी कुठल्याच पुस्तकात वाचला नव्हता.

पुढे दोन गटांच्या तुलनेचे प्रकरण आले. वर्गात फारशी न बोलणारी एक मुलगी तासानंतर थांबली. म्हणाली, “मॅडम, सकाळच्या आणि संध्याकाळच्या पावत्या एकत्र धरू नका. संध्याकाळी दूध कमी निघतं, पण फॅट जास्त लागते.” तिचे म्हणणे बरोबर होते. दोन धारांमध्ये सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा वेळ रात्रीच्या मानाने कमी असतो, म्हणून दूध थोडे आणि फॅट अधिक असते. आम्ही पावत्या वेगळ्या केल्या आणि त्याच गाईंच्या सकाळ-संध्याकाळच्या जोड्या लावून परीक्षण केले. फरक स्पष्ट दिसला. जोडीने घेतलेल्या निरीक्षणांची पद्धत वेगळी का असते, हे त्या एका उदाहरणाने वर्गाला समजले. पुढच्या छपाईत ते उदाहरण पुस्तकात गेले आणि श्रेयाच्या पानावर तिचे नाव छापले. विकतच्या पुस्तकाला विद्यार्थी फक्त वाचक असतो. खुल्या पुस्तकात त्याचा हातभार लागू शकतो, आणि तो लागला की पुस्तकाशी त्याचे नाते बदलते.

छपाईचा प्रश्न सोपा झाला. चौकातल्या झेरॉक्सवाल्या काकांना परवान्याचे पान दाखवले आणि हे पुस्तक छापून विकायला कुणाची हरकत नाही हे समजावून सांगितले. पाठपोट छपाई आणि स्पायरल धरून एका सत्राच्या पुस्तकाचे त्यांनी सव्वाशे रुपये सांगितले. ज्यांना तेही जड, त्यांच्यासाठी माजी विद्यार्थ्यांनी प्रती छापून ग्रंथालयात ठेवल्या, आणि त्या सत्रभर घरी ठेवता येतात. आमच्या पुस्तकाला आम्ही ‘श्रेय द्या आणि तुमचे बदलही असेच खुले ठेवा’ हा परवाना लावला. पहिल्या पानावर इलॉव्स्की आणि डीन यांची नावे आहेत, मूळ पुस्तकाचा पत्ता आहे आणि आम्ही काय बदलले त्याची यादी आहे.

गुण किती वाढले, असे मला विचारतात. एका छोट्या वर्गाच्या निकालावरून पुस्तकाला श्रेय देणे संख्याशास्त्राच्या शिक्षिकेला शोभणार नाही. पण जे डोळ्यांनी पाहिले ते सांगते. तासाला आता प्रत्येकाच्या पुढे पुस्तक असते. कोष्टक पूर्ण असते. ‘घरी वाचून या’ असे म्हटले तर ते खरोखर शक्य असते. आधी तासातला निम्मा वेळ फळ्यावरून उतरवून घेण्यात जाई. तो वेळ आता उदाहरणे सोडवण्यात आणि प्रश्न विचारण्यात जातो. शिक्षिका म्हणून मला याहून मोठा फरक नको.

अडचणीही खऱ्या आहेत. असे पुस्तक एकदा करून सोडता येत नाही. अभ्यासक्रम बदलतो, मुद्रणदोष सापडतात, कुणीतरी ते दर वर्षी बसून नीट करावे लागते. नवे पुस्तक लिहिले तर शिक्षकाच्या नावावर ते जमा होते, पण असलेल्या चांगल्या पुस्तकाची एक-एक ओळ सुधारत राहणाऱ्याच्या कामाची नोंद कुठे होत नाही. वरच्या वर्गांच्या प्रगत विषयांना मराठीत खुले पुस्तक अजून जवळपास नाहीच. आणि उत्तम लेखकाने लिहिलेले, उत्तम संपादन झालेले विकतचे पुस्तक आजही हवेच आहे. माझ्या टेबलावर गुप्ता-कपूर आहे आणि राहील. मुद्दा एवढाच, की पायाभूत अभ्यासक्रमाचे पुस्तक पैशांअभावी कुणाच्या हातातून सुटू नये.

आपल्या देशात यासाठी लागणारे बरेच काही आधीच उभे आहे. आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेने २००३ मध्ये सुरू केलेले ‘एनपीटीईएल’ आहे, २०१७ पासूनचे ‘स्वयम्’ आहे, आयआयटी खरगपूरने उभारलेले राष्ट्रीय डिजिटल ग्रंथालय आहे. २०१९ मध्ये युनेस्कोच्या सर्वसाधारण परिषदेने खुल्या शैक्षणिक साधनांविषयी शिफारस स्वीकारली, आणि सार्वजनिक पैशातून तयार झालेले साहित्य खुले ठेवण्याचे आवाहन त्यात आहे. जुलै २०२४ मध्ये आपल्याकडे ‘अस्मिता’ प्रकल्प जाहीर झाला. पाच वर्षांत भारतीय भाषांमध्ये उच्च शिक्षणाची २२,००० पुस्तके करण्याचे त्याचे उद्दिष्ट आहे. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भारतीय भाषांतल्या डिजिटल पुस्तकांची योजना आली.

ही पुस्तके होतील, याचा मला आनंद आहे. मागणे एकच आहे. ती नुसती मोफत पाहायला ठेवू नका, खुल्या परवान्याने द्या. पडद्यावर फुकट दिसणारे, पण छापता न येणारे आणि बदलता न येणारे पुस्तक आमच्या मुलांच्या उपयोगाचे नाही, हे मी माझ्या वर्गात पाहिले आहे. पुस्तक लोकांच्या पैशांतून होते, तर ते छापण्याचा, सुधारण्याचा आणि आपल्या भागातली उदाहरणे त्यात घालण्याचा हक्क लोकांनाच असला पाहिजे.

आणि माझ्या शिक्षक बंधुभगिनींना सांगते. तुमच्या कपाटात वर्षानुवर्षांची टिपणे आहेत. त्यांतले एक प्रकरण निवडा, युनिकोडमध्ये आणा, त्यावर खुला परवाना लिहा आणि शेजारच्या महाविद्यालयातल्या सहकाऱ्याला पाठवा. तो त्यात दुसरे प्रकरण घालील. तुम्ही शिक्षक नसाल, तर ज्या महाविद्यालयात शिकलात तिथल्या ग्रंथालयात अशा दहा प्रती छापून द्या. सव्वाशे रुपयांत एका मुलाच्या हातात सत्रभर पूर्ण पुस्तक राहते.